मीठ पिकतं

ठाण्याच्या सभेनं त्या साली नवाच खटाटोप काढला होता. मॅट्रिकच्या वयाची मुलं दोन-दोन करून महिनाभर एकेका गावी राहायला धाडायची, त्यांनी तिथल्या गोरगरिबांना एकत्र बसवायचं, गाऱ्हाणी ऐकायची आणि सरकारला अर्ज लिहून द्यायचा. नुसती पुस्तकं घोकून देशाचं दैन्य कळत नाही, असं सभेचे चिटणीस म्हणत. चिटणीस पेशानं वकील, त्यामुळे ते म्हणत ते सगळ्यांना पटतच असे.

कल्याणच्या त्र्यंबकाला कळव्यापुढचं, खाडीकाठचं आगऱ्यांचं गाव मिळालं आणि जोडीला मिळाला ठाण्याचा भाऊ. इथेच माशी शिंकली. त्र्यंबक संस्कृतात पहिला, अक्षर मोत्यासारखं. भाऊ मॅट्रिकला एकदा आपटलेला, आणि त्याचं अक्षर पाहून शाईलाही लाज वाटावी असं. अशा मुलाबरोबर आपल्याला एका दावणीला बांधलं, हे त्र्यंबकाच्या मनाला पहिल्या दिवसापासून लागलं.

गावाचं गाऱ्हाणं एकच होतं. मिठाचे लहान कारखाने बंद करा, असा इंग्रज सरकारचा हुकूम सुटला होता आणि गावाचं आगर, म्हणजे मिठागर, लहान होतं. ते बंद झालं तर बावीस घरांनी खायचं काय, याचं उत्तर हुकुमात नव्हतं.

त्र्यंबक कामाला लागला तो तक्ता आखून. देवळाच्या ओट्यावर चटई टाकून तो एकेकाला बोलवी आणि विचारी, नाव काय, वय काय, घरात माणसं किती. लोक उभ्या उभ्या तीन शब्दांत उत्तर देत आणि पळत. भाऊनं तक्ताबिक्ता काही आखला नाही. तो धोतर खोचून सरळ आगरात उतरला. खाऱ्या पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभा राहून तो काळुरामबरोबर लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढू लागला. काळुराम गावचा जुना जाणता. तो तोंडानं बोले आणि भाऊ हातानं काम करता करता ऐके. दुपारी काळुरामची बायको आवडाबाई त्याला भाकरी आणि सुके बोंबील वाढी. भाऊ कायस्थ, बोंबलांचं त्याला वावडं नव्हतं. पण त्या घरची भाकरी खाल्ल्याचं त्याच्या आईला कळतं तर तिनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. त्र्यंबक ओट्यावर स्वतः रांधलेली करपट खिचडी गिळी आणि तिकडचं हसणं ऐकत बसे.

आठ दिवसांत गाव भाऊला भाऊ म्हणू लागलं, सख्ख्या भावाला म्हणावं तसं. त्र्यंबकाचं नाव पडलं पंतोजी. त्र्यंबकानं दोनदा सभा बोलावली, चार माणसं आली, त्यातलं एक वाट चुकलेलं. भाऊनं नुसतं म्हटलं, "उद्या काळुरामदादाच्या अंगणात बसू," तर बायकापोरांसकट गाव लोटलं. त्र्यंबकाच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण इतकं शिकलो ते काय चटया झटकायला?

त्या सभेत काळुराम उठून म्हणाला, "सरकार याला कारखाना बोलतं. कारखान्यात धूर असतं, यंत्र असतं. आमी बांध घालताव, पानी देताव. ऊन लागला का मीठ पिकतं. पाऊस आला का बुडतं. ह्या शेत हाय, कारखाना नाय."

भाऊनं ते जसंच्या तसं अर्जात उतरवलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "मीठ आम्ही करीत नाही, मीठ पिकते. हे आमचे शेत आहे." गावानं माना डोलावल्या. आवडाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

शुद्ध नक्कल अर्थातच त्र्यंबकाकडे आली. दुपारी ओट्यावर बसून तो लिहू लागला आणि त्या वाक्यापाशी टाक थांबला. वाक्य अस्सल होतं. आपल्याला हजार वर्षांत सुचलं नसतं, हे त्याला लख्ख कळलं आणि तेच त्याला सहन होईना. मग त्याच्या मनानं पोटातलं दुखणं व्याकरणाच्या कपड्यात गुंडाळलं. भात पिकतो, आंबा पिकतो; मीठ कसं पिकेल? चिटणीस हसतील. शिवाय पाच पिढ्यांचं पोट यावर चालतं, बंद करू नका, ही विनवणी अर्जात खाली आहेच की. त्यानं लिहिलं : 'अर्जदार पिढ्यानपिढ्या येथील कारखान्यात मीठ तयार करतात.' वाक्य शुद्ध झालं. त्याला फार बरं वाटलं.

संध्याकाळी गाव निशाण्या करायला आलं. सही कोणालाच येत नव्हती. रीतीप्रमाणे पुरुषांनी नावापुढे नांगर काढला, बायकांनी काकण. भाऊ एकेकीचा हात धरून गोल काढायला शिकवत होता.

"एकदा वाचून बघ रे," त्र्यंबक म्हणाला. म्हणताना त्याचा आवाज जरा चिरकलाच.

"तुझं अक्षर, मी काय बघू?" भाऊ हसून म्हणाला आणि पुढच्या बाईकडे वळला.

चिटणीस कोर्टाच्या घाईत होते. त्यांनी वरचा मायना पाहिला, खालच्या निशाण्या पाहिल्या, "वा, काय अक्षर!" म्हणाले आणि अर्ज रवाना झाला.

दीड महिन्यानं जबाब आला. तो गावाला वाचून दाखवायला चिटणीसांनी दोघांनाही धाडलं. काळुरामच्या अंगणात पुन्हा सगळे जमले. वाचायचं काम अर्थातच त्र्यंबकाचं.

"अर्जदार आपल्याच अर्जात म्हणतात की ते कारखान्यात मीठ तयार करतात," तो वाचू लागला. "सबब हुकूम त्यांस लागू आहे. सोमवारी बांध फोडण्यात येतील."

"पन आमी तं पिकतं बोल्लो व्हतो," काळुराम म्हणाला.

भाऊनं त्र्यंबकाकडे पाहिलं. एकदाच, फार वेळ नाही. मग तो काळुरामकडे वळला.

"दादा, चूक माझी. गावानं कागद माझ्या हाती दिला होता. निशाण्या घेण्याआधी मी तो वाचायला हवा होता." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

आवडाबाई उठली आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "नको रडू रं. आपलाच पोर तू."

त्र्यंबक सुटला होता. गप्प बसला असता तर जन्मभर कोणी त्याला बोट लावलं नसतं. पण त्या बाईचा तो हात पाहून त्याला पुन्हा सहन होईना. गाव ह्याचं, भाकरी ह्याची, वाक्य ह्याचं, आणि आता माझा गुन्हासुद्धा ह्यालाच?

"ह्यानं काही केलं नाही!" तो ओरडला. "तो शब्द मी बदलला. मी!"

आवडाबाईनं भाऊकडे पाहिलं आणि त्याला आणखीच जवळ घेतलं.

काळुराम उठून त्र्यंबकापुढे आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं विचारलं, "का बदालला, पंतोजी? शबुद वंगाल व्हता का?"

त्र्यंबकाजवळ व्याकरण होतं, पण ते त्यानं पुढे केलं नाही.

"चांगला होता," तो म्हणाला. "म्हणूनच."

काळुरामला ते कळलं नाही. तो उत्तराची वाट बघत तसाच उभा राहिला.