डावी भुवई

माझ्या मोठ्या जावेची डावी भुवई मी आल्या दिवसापासून ओळखते. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, चपला दारात आडव्यातिडव्या काढल्या आणि ती भुवई वर गेली. मग ती वर जातच राहिली. भात गिच्च झाला, गेली वर. कपडे उलटे वाळत घातले, गेली वर. तोंडाने बाई अवाक्षर काढायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी चार शब्द परत तरी केले असते. भुवईशी माणसाने भांडायचं कसं?

तर ती भुवई गेली. कॅन्सरच्या औषधांनी डोक्यावरचे केस गेले तेव्हा जाऊबाई डगमगल्या नाहीत, स्कार्फ बांधून भाजी चिरत बसल्या. पुढे केस बोटभर परत आलेसुद्धा. भुवया मात्र उशिरा गळल्या आणि परत यायचं नाव घेईनात. डॉक्टर म्हणाले, येतील सावकाश. अशात त्यांच्या आईंचा फोन आला की रविवारी येतेय, दोन दिवस राहीन.

आईंना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. जाऊबाईंचा भाऊ याच आजाराने गेला. तेव्हापासून आई धास्तावलेल्या असतात, फोनवर नुसता खोकला ऐकला तरी रात्रभर झोपत नाहीत. म्हणून ऑपरेशनच्या वेळी आम्ही घरच्यांनी मिळून थापा मारल्या होत्या. कधी पाहुणे आलेत, कधी फोन बिघडलाय. आखूड केसांचंही ठरलं होतं, उकडतं म्हणून कापले असं सांगायचं. पण भुवया उकडतात म्हणून कोण कापतं?

"आईला कळलं तर ती माझ्याआधी जाईल," जाऊबाई मला म्हणाल्या. इतकं मनातलं त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मी म्हटलं, चला, पेन्सिल आणू.

आता आम्ही दोघी मेकअपच्या बाबतीत अगदीच कोऱ्या. पावडर आणि एखादी लिपस्टिक, तीही वाळून खडू झालेली. आधी गेलो मोठ्या झगमगीत दुकानात. मी एक पेन्सिल उचलली, किंमत वाचली आणि जशी उचलली तशी खाली ठेवली. तिथली विक्रेती तोवर आमच्या मागे लागलीच होती, हे वापरा, त्याच्या आधी ते लावा, त्याच्यावर आणखी काहीतरी. जाऊबाईंनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, ही लिहायला पण येते का? मला हसू आवरेना. पोरीला काही कळलं नाही.

मग बस थांब्यामागच्या गल्लीत गेलो. क्लिपा, रबरं, नेलपॉलिश विकणारं चिंचोळं दुकान. काउंटरवर एका पेल्यात वापरून बघायच्या पेन्सिली होत्या, कुणी पळवू नयेत म्हणून दोऱ्याने बांधलेल्या. जाऊबाईंची कातडी औषधांनी हुळहुळी झालेली, म्हणून हात माझा. मनगटापासून बोटांपर्यंत रेघाच रेघा. काळी ओढली तर नाटकातल्या दरोडेखोराची भुवई. तपकिरी दिसायला बरी, पण उजेडात नेली की लाल मारायची. एक इतकी तेलकट की अंगठा फिरवला तर हातभर पसरली. शेवटी राखाडीकडे झुकणारी एक मिळाली. कंपनीचं नाव कुणाच्या बापाने ऐकलेलं नसेल, टोपण सैल, पण ओलं बोट घासलं तरी रेघ हलली नाही. तीच घेतली.

दुकानातली मुलगी चांगली होती. म्हणाली, मावशी, बसा, मी काढून देते. तिने नवी पेन्सिल उघडली आणि चित्रातल्यासारख्या दोन सारख्या भुवया काढल्या. जाऊबाईंनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही कोण गं?" त्यांनी मला विचारलं. "आई ओळखायची नाही मला."

मी दुकानातलं क्रीम रुमालाला लावलं, ते सगळं हलक्या हाताने पुसलं आणि पेन्सिल घेतली. मला कुणी शिकवायची गरज नव्हती. उजवी सरळ, जराशी आखूड. डावी नाकापाशी जाड, मग चढत चढत जाते आणि टोकाच्या अलीकडे तिला एक कोपरा येतो. इतकी वर्षं ती भुवई मी चुकवत आले होते, मला पाठ असणार नाही तर कुणाला? जाऊबाईंनी पाहिलं आणि लांब श्वास सोडला. "हं. ही मी," म्हणाल्या. घरी येताना पिशवी त्यांनीच धरली.

रविवारी आई आल्या. लेकीला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला, बरं दिसतंय म्हणाल्या. मी पंखा जोरात केला, कपाळाला घाम यायला नको म्हणून. सकाळभर दोघी बोलत होत्या, लहानपणीच्या गोष्टी, हसणं. माझा जीव टांगणीला. पण दुपारपर्यंत सगळं निभावलं. जाऊबाई जरा आडव्या झाल्या, मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. आई आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"भुवया तू काढल्यास?"

मी कप खाली ठेवला. होय म्हणून मान हलवली.

"डावी फार वर गेलीय," आई म्हणाल्या. "एवढी वर ती रागावली की असते. आज माझ्याशी हसत होती, तरी खाली येईना. तेव्हाच मला कळलं." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "एरवी कशी असते, ते तू पाहिलंच नाहीस का गं?"

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला आधी रागच आला. आईंचा आला, जाऊबाईंचा आला. एका घरात, एका ओट्यापाशी आमचा जन्म गेला आणि मला त्या बाईचा रागावलेला चेहराच तेवढा ठाऊक. मग मला रडू कोसळलं आणि मी तिथेच फरशीवर बसले.

आई रडल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या आणि हळू आवाजात बोलत राहिल्या. मुलाच्या वेळी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या रोज त्याच्या उशाशी बसून रडायच्या आणि आजारी पोरालाच आईची समजूत काढावी लागायची. तेवढंही त्राण त्याच्यात नव्हतं.

"हिच्यामागे ते काम नको लावायला," त्या म्हणाल्या. "मला कळलं नाही, असंच तिला वाटू दे. पेन्सिल आण."

मी आणली. त्यांनी माझा डावा हात ओढून घेतला, आपल्या पदराने कोरडा केला आणि पालथ्या हातावर एक रेघ काढली. हात म्हातारा, पण रेघ थरथरली नाही. कोपरा नव्हता, चढ नव्हता. साधी, जराशी उतरती भुवई. "अशी," म्हणाल्या. "उद्या अशी काढ."

त्या दिवशीची उरलेली भांडी मी एका हाताने घासली.

सकाळी आई अंघोळीला गेल्या तशी मी जाऊबाईंच्या खोलीत गेले. त्या डोळे मिटून बसल्या. मी हाताकडे बघत बघत काढत होते. आज वेगळी काढतेस का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हलू नका. झाल्यावर त्यांनी आरसा घेतला आणि त्या बघतच राहिल्या. मी हात पाठीमागे नेला.

"तुला कुणी सांगितलं?"

"दुकानातल्या पोरीने."

त्यांनी आरसा खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. भुवई खाली होती. ती मीच काढलेली, पेन्सिलची, हे मला काय माहीत नव्हतं? तरी त्या चेहऱ्याने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला भडभडून आलं.

"दारातल्या तुझ्या चपला सरळ कर," जाऊबाई म्हणाल्या. "आई अडखळेल."

हे म्हणतानाही भुवई खालीच होती. मी उठले आणि चपला सरळ केल्या.