गोदूबाईच्या मापाचं जॅकेट

ऐश्वर्याचा साखरपुडा झाला त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे दोन हजार चोवीसची दिवाळी होऊन गेलेली आणि डोंबिवलीच्या खाडीकाठच्या मोठागावात सहदेव भोईरच्या दारातला मांडव अजून सोडायचा राहिलेला. एकुलती एक नात, त्यामुळे आवतण गेलं नाही असं घर आसपास उरलं नव्हतं. साखरपुड्यानंतर आठ दिवसांनी जोडप्याचे फोटो काढायचे ठरले. हल्ली लग्नाआधीच काढतात, ते. फोटोवाला म्हणाला, खाडीत काढू.

खाडीच्या धक्क्यावर क्षिप्रा नावाची मुलगी वल्हवायचा क्लब चालवायची. राहायला डोंबिवली पूर्वेला. बँकेतली नोकरी सोडून पाण्याच्या नादाला लागलेली. तिच्याकडे प्लास्टिकच्या लांबट, अरुंद होड्या होत्या. त्यांना कयाक म्हणतात. दोन माणसं पुढेमागे पाय पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं फिरवतात. ऐश्वर्या भरजरी घागरा सावरत एकात बसली.

"मॅडम, ती जॅकेटं काढायला सांगा ना," फोटोवाला म्हणाला. "फ्रेम खराब होतेय."

"फ्रेम खराब झाली तर चालेल. मुलगी बुडालेली चालणार नाही," क्षिप्रा म्हणाली.

शेवटी घागऱ्यावर नारिंगी लाइफ जॅकेट घालूनच फोटो निघाले. हे सगळं ऐश्वर्याची आजी गोदूबाई धक्क्याच्या पायरीवर बसून बघत होती. घरी परतताना ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, मनाबी बसायचंय त्यात."

सहदेवला आधी वाटलं, बायको थट्टा करते. तिला पोहता येत नव्हतं. सहदेवने बत्तीस वर्षं याच खाडीत रेती काढली होती. होडीतून बांबू रोवायचा, त्याला धरून खाली जायचं, बादलीत रेती भरायची आणि दोरीला हिसका द्यायचा. याला डुबी मारणं म्हणतात. एका दमात पाऊण मिनिट, कधी मिनिटभर. गोदूबाई दुपारी भाकरी घेऊन यायची आणि काठावर बसायची. रेतीच्या होडीत बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही, असा त्यांच्यातला रिवाज होता. पुढे रेती काढणं बंद झालं, होड्या भंगारात गेल्या, आणि काठावर राहून गेलेल्या बाईचा पाय होडीला लागायचा राहूनच गेला.

"एवढी वरसं काठावरनं पाणी बघितलं," गोदूबाई म्हणाली. "आता एकदा पाण्यातनं काठ बघायचाय. आपलं गाव मधनं कसं दिसतं ते."

सहदेव तिला घेऊन परत धक्क्यावर गेला.

क्षिप्राला विचारलं तेव्हा ती खूश झाली. एकोणीस जानेवारीला, रविवारी, ती वयस्कर माणसांना खाडीत फिरवून आणणार होती. "तेवढा एकच रविवार आहे, आजी," ती म्हणाली. "नंतर धक्क्याचं काम निघतंय. क्लब मी कर्जतकडे हलवणार." मग तिने क्लबमधली जॅकेटं गोदूबाईच्या अंगावर चढवून बघितली. गोदूबाईचा बांधा म्हणजे सुकवलेला बोंबील. उंची जेमतेम पावणेपाच फूट. मोठ्यांच्या जॅकेटात ती हरवली आणि लहान मुलांचं जॅकेट छातीवर मिटेना.

"आजी, जॅकेट बरोबर बसल्याशिवाय मी कोणालाच पाण्यात नेत नाही. तुमच्या मापाचं एक घेऊन याल का?"

"मी आणतो," सहदेव म्हणाला. "पाण्यातलं मला सांगू नको."

आता सहदेवच्या घरात कुठलीही वस्तू मापाची अशी कधी आली नव्हती. वस्तू घ्यायची ती वाढत्या अंगाची, हा त्याच्या बापाचा नियम आणि त्याचाही. मुलाला पहिलीला घेतलेली चड्डी तिसरीपर्यंत पुरली होती. बुटात कापूस कोंबून पोरगा दोन वर्षं शाळेत गेला होता. गोदूबाई चौसष्ट वर्षांची, ती आता कुठे वाढणार होती? पण सवयीला वय कळत नाही.

ठाण्याला नौपाड्यात खेळाच्या सामानाचं एक दुकान होतं. सहदेव एकटाच गेला. दुकानदार हितेश मोठा गोड माणूस.

"कोणासाठी, काका?"

"घरच्यांसाठी. म्हणजे... मंडळींसाठी."

"छातीचं माप काय?"

सहदेवने मागे वळून बघितलं. दुकानात दोन बाया रॅकेट बघत होत्या. चारचौघांत एका परक्या माणसाने आपल्या बायकोच्या छातीचं माप विचारावं आणि आपण ते सांगावं, हे त्याला झेपेना.

"बारीक आहे," तो हळूच म्हणाला.

"बारीक म्हणजे किती? याला मापच लागतं, काका. वजनावर जात नाही."

"तुम्ही असं करा," सहदेव घाईने म्हणाला, "जरा मोठंच द्या. आणि कापूस जास्त असलेलं द्या."

कापूस नव्हता, आत फोम होता. पण हितेशने जाड फोमचं लालभडक जॅकेट काढून दिलं. बसने घरी येताना सहदेव ते मांडीवर घेऊन बसला होता. एवढी जाडजूड वस्तू बुडूच देणार नाही, याची त्याला खात्री होती.

आणि इथे त्याने दुसरी चूक केली. क्षिप्राला दाखवायच्या आधी त्याने स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवली. त्याच दुपारी भरतीची वेळ साधून तो बायकोला घेऊन धक्क्याच्या उतारावर गेला. ऐश्वर्या म्हणत होती, "आजोबा, क्षिप्राताईला येऊ दे ना! मी बोललेली तिला, ती पाचला येतेय." पण बत्तीस वर्षं डुबी मारलेला माणूस पोरीबाळींची वाट बघेल होय? कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर तो म्हणाला, "गोदे, पाय उचल."

गोदूबाईने पाय उचलले. जॅकेट छान तरंगलं. गोदूबाई मात्र त्याच्यातून खाली घसरली. जॅकेटचे खांदे तिच्या कानाशी आले, तोंड आत गेलं आणि पाण्यावर लाल फोम आणि पांढरा अंबाडा एवढंच दिसायला लागलं.

एक. दोन. तीन. तिसऱ्या आकड्याला सहदेवने तिला काखेत धरून वर ओढलं. गोदूबाई खोकली, थुंकली, नाक पुसलं. ऐश्वर्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"झालं," सहदेव म्हणाला. "नाय जायचं कुठं. फोटो बघ खाडीचे, मोबाइलवर."

"का नाय जायचं?"

"बुडली असतीस!"

"मग?" गोदूबाईने पदर पिळला. "तुमी खाली गेलात की मी वर बसून असंच मोजायची. चाळीसच्या पुढं गेलं की माझा जीव तोंडात. एवढ्या वरसांत एकदा तरी मी म्हणाले का, नाय जायचं?"

ऐश्वर्याने तोंड दुसरीकडे फिरवलं, कारण तिला हसूही येत होतं आणि रडूही.

"तुमची चूक झाली ती मापाची," गोदूबाई म्हणाली. "त्यात खाडीचा काय दोष? उद्या मी येते दुकानात."

पाच वाजता क्षिप्रा आली तेव्हा तिने ते लाल जॅकेट उचलून बघितलं आणि सहदेवला असं झापलं की त्याच्या सासूनेही कधी झापलं नसेल. मग शांत होऊन तिने ऐश्वर्याला जॅकेट घेताना काय काय बघायचं ते समजावलं.

दुसऱ्या दिवशी तिघं नौपाड्यात. गोदूबाईने पाण्यात नेसायचं तेच नऊवारी घट्ट कासोटा घालून नेसलं होतं, पदर कमरेला खोचून. दुकानात शिरता शिरता ती मोठ्याने म्हणाली, "काय हो, छातीचं माप तुमीच विचारलंत ना? घ्या. काल आमचे हे लाजले."

सहदेव कॅरमबोर्डाकडे गेला आणि सोंगट्या मोजायला लागला. हितेशने टेप ऐश्वर्याच्या हातात दिली. एकतीस इंच भरलं.

"काकी, मग तुम्हाला अगदी लहान साइज. बायकांसाठी वेगळी येतात, ती बघू या." हितेशने चार जॅकेटं काउंटरवर टाकली.

पहिलं जॅकेट गळ्याशी रुतलं. दुसरं उभं राहून बरं वाटलं, मग क्षिप्राने सांगितल्याप्रमाणे ऐश्वर्या म्हणाली, "आजी, हात फिरव, वल्हं मारल्यासारखे." गोदूबाईने वीसेक वेळा हात फिरवले आणि काढूनच टाकलं. "काखेत कोणी भाकऱ्या थापतंय असं वाटतंय. तासाभरात कातडं सोलून निघेल."

तिसरं जॅकेट हातांना मोकळं होतं. गोदूबाईने आजूबाजूला बघितलं. "बसून बघू का?"

"बसा ना, काकी, खुर्ची आहे."

"खुर्ची कशाला? होडीत काय खुर्ची असते?" आणि ती दुकानाच्या मधोमध फरशीवर पाय पसरून बसली. पाठीला ऐश्वर्याने बुटांची खोकी रचून दिली, हातात हॉकीची काठी दिली. गोदूबाई वल्हवायला लागली. डावीकडे, उजवीकडे. बॅडमिंटनचं जाळं घ्यायला आलेले दोन गृहस्थ पाय आखडून बाजूला झाले.

"आजी, कुठवर?" त्यातला एक म्हणाला.

"कळव्यापर्यंत. येता का?"

तिसरंही नापास झालं. बसल्यावर पाठीचा फोम मागच्या खोक्यांवर टेकायचा आणि अख्खं जॅकेट हनुवटीशी ढकललं जायचं. "उभ्याने बरं वाटतं ते बसल्यावर वैरी होतं," गोदूबाई म्हणाली.

राहिलं चौथं, पोपटी रंगाचं. गोदूबाईला हा रंग मुळीच आवडला नाही. पण त्याच्या पाठीला खालच्या बाजूला नुसती जाळी होती आणि फोम वर खांद्यांपाशी. पुढचा फोमही छातीच्या ठिकाणी वळवून शिवलेला. हितेशने आधी सगळे पट्टे सैल केले. मग ऐश्वर्याने क्रमाने आवळले: पहिला कमरेचा, मग कुशीचे, शेवटी खांद्यांचे. गोदूबाई खाली बसली, वल्हवलं, वाकली, वळली. खोकी मागे होती पण जॅकेट जागचं हललं नाही.

"दम घेता येतो का, काकी? खोल घ्या."

"येतो की. भांडताबी येईल."

"आता खांद्याला धरून वर ओढायचं," ऐश्वर्या म्हणाली. "वर सरकलं तर नापास. आजोबा, या."

सहदेव कॅरमबोर्ड सोडून आला. कालची आठवण त्याच्या हातात होती, त्यामुळे त्याने दोन्ही खांदे धरून सगळ्या ताकदीने वर ओढलं. जॅकेट बोटभरही सरकलं नाही. गोदूबाईच जॅकेटसकट फरशीवरून वर उचलली गेली आणि तिचे पाय हवेत लोंबायला लागले.

"अवो! कापडावानी वाळत घालताय काय मना!"

सगळं दुकान हसलं. सहदेवने तिला अलगद खाली ठेवलं. "हेच द्या," तो हितेशला म्हणाला. आणि मोठंच द्या असं काही म्हणाला नाही.

"लाल नाय का यात?" गोदूबाईने एकदा विचारून घेतलं. नव्हतं.

शनिवारी क्षिप्राने स्वतः पाण्यात उतरून तिला तरंगवलं. हनुवटी पाण्याच्या चांगली वर राहिली. काठावर उभा असलेला सहदेव मनात मोजत होता. साठ झाले, सत्तर झाले, गोदूबाई आपली आडवी पडून घारी बघत होती. मग त्याने मोजणं सोडून दिलं.

रविवारी सकाळी धक्क्यावर दहा-बारा म्हातारी माणसं जमली होती. क्षिप्राने सहदेवपुढे क्लबचं जॅकेट धरलं.

"मला?" सहदेव म्हणाला. "अगं, जन्मभर मी बुडायची मजुरी घेतली. आता न बुडायचं अंगावर घालू?"

"आजोबा, घाला. नाहीतर काठावर बसून आजींची वाट बघा."

सहदेवने मुकाट्याने हात घातले. क्षिप्राने पट्टे आवळले, खांदे ओढून बघितले, त्याच्या पोटावर एक पट्टा जरा ढिला केला आणि दोघांना होडीत बसवलं. पुढे गोदूबाई, मागे सहदेव. गोदूबाईने पाय आत ठेवताना आधी होडीच्या काठाला हात लावून तो हात कपाळाला लावला.

भरतीचं पाणी संथ होतं. दहा मिनिटांत दोघं मध्यावर आले. पलीकडे नव्या पुलावरून गाड्या चालल्या होत्या, पण आवाज येत नव्हता. गोदूबाईने वल्हं मांडीवर ठेवलं आणि मान वळवून गाव बघितलं. देवळाचा कळस, त्यामागे इमारती, मध्येच आपल्या घराचं छप्पर.

"कसं दिसतंय?" सहदेवने विचारलं.

"आपला पत्रा मागनं पार गंजलाय," गोदूबाई म्हणाली. "काठावरनं कधी दिसला नाय." मग जरा वेळाने, "तुमी खाली जायचे ते कुटं?"

सहदेवने दोन हात वल्हं मारून होडी थोडी डावीकडे घेतली. "इथं. या पट्ट्यात. तो पिंपळ आणि कळस एका रेषेत आले की बांबू रोवायचा."

गोदूबाईने वाकून हात पाण्यात घातला. जॅकेटने तिला अडवलं नाही. पाणी गढूळ होतं.

"काय दिसत नाय."

"मलापण नाय दिसायचं. हातानेच कळायचं."

"मना वाटायचं खाली उजेड असेल," ती म्हणाली. आणि बराच वेळ तिने हात तसाच पाण्यात ठेवला.

क्षिप्राने काठावरून शिटी मारली. वेळ संपला होता. गोदूबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि वल्हं उचललं. "चला, पुलापतूर."

"अगं, ती बोलावतेय."

"बोलवू द्या. जॅकेट आपलं हाय, वल्हं आपल्या हातात हाय. मारा हात. मी एकटीच मारतेय मघापासनं."

ते पुलाच्या खांबापर्यंत गेले, खांबाला हात लावला आणि मग परत फिरले. क्षिप्रा ओरडली, पण फार नाही. ठरल्याप्रमाणे होळीआधी क्लब कर्जतकडे गेला, आणि दोघांची खाडीतली ती एकच फेरी ठरली.

सहदेव वामन भोईर सतरा मे दोन हजार पंचवीस रोजी, शनिवारी दुपारी जेवून आडवा झाला असता, राहत्या घरी झोपेत वारला. त्याचं वय अडुसष्ट होतं.