हिरवे पडलेले दात

"काशीराम, जरा इकडे तोंड करा आणि फुंका."

परेशशेठ हे हळू आवाजातच बोलले, पण कामणच्या त्या गोदामात टाइल्सच्या पेट्या उतरवणाऱ्या सहाही हमालांचे हात थांबले. काशीराम पुढे झाला. शेठच्या पिकअपचा छप्पन्न वर्षांचा ड्रायव्हर, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि वेळ सकाळी अकराची. त्याने फुंकलं. शेठनी वास घेतला. दारूचा वास नव्हता, तरी त्यांनी मोबाइल पुढे धरला.

"मग हे काय आहे?"

व्हिडिओ तासाभरापूर्वीचा होता, एव्हरशाईन सिटीच्या बाजारातला. भर रस्त्यात पिकअप बंद पडलेली, हॉर्न अखंड बोंबलतोय, वायपर कोरड्या काचेवर आपटतायत, चारही इंडिकेटर लुकलुकतायत. आणि आत काशीराम स्टिअरिंगवर थापा मारतोय, मग खाली उतरून गाडीला हात जोडतोय. मागे कोणीतरी हसत म्हणतंय, "चाचा सुबह से टाइट है!"

"ही माझीच गाडी ना? माझ्या दुकानाचं नाव आहे तिच्यावर."

"शेठ, गाडीच तसं करते. मी कितींदा सांगितला तुमाला."

"दोनदा गॅरेजला पाठवली. दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं, गाडीत काही नाही." शेठनी मोबाइल खिशात ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. बारा वर्षांत काशीरामला त्याने कधी अरेतुरे केलं नव्हतं. "एक दिवस देतो. उद्या कुठे दाखवायची तिथे दाखवा. काही निघालं नाही, तर चावी माझ्या टेबलावर ठेवा. दुकानातला हितेश चालवेल गाडी."

काशीराम घरी गेला तेव्हा त्याच्या बायकोने, कमळीने विचारलं, "जेवाला वाढू?" तो नको म्हणाला. थोरला भाऊ दारूपायी गेला, तेव्हापासून काशीरामने हळदी-लग्नातसुद्धा कधी पेला हातात धरला नव्हता. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण व्हिडिओ गावातही पोचला होता.

"माज्या तोंडाचा वास घेतला त्यांनी," एवढंच तो म्हणाला. कमळीने तरीही ताट वाढलं आणि झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पिकअप वसई फाट्याजवळच्या मीराच्या दुकानासमोर लावली. मीराचे वडील शांताराम गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. ते गेल्यावर दुकान बंद होईल असं सगळ्यांनी धरलं होतं. पण मीराने ते चालू ठेवलं, वर लॅपटॉप घेऊन नव्या गाड्यांचं कामही शिकली. चाळिशीची बाई, केस वर बांधलेले, कानामागे टेस्टर.

तिने बॉनेट उघडलं नाही. लॅपटॉपही लावला नाही. आधी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा काका. पहिल्यापासून सांगा."

काशीराम तिच्याकडे बघत राहिला. दोन्ही गॅरेजमध्ये त्याला कोणी बसायला सांगितलं नव्हतं. मग त्याने सांगायला सुरुवात केली, आणि सांगतच राहिला. वायपर आपोआप कसे सुटतात, तिन्हीसांजेला चिंचोटीच्या उतारावर दोन्ही दिवे कसे गेले, चावी फिरवली तरी गाडी कधीकधी ओळखच कशी देत नाही.

"रोज होतं?"

"नाय. सोमवारी होते, नायतर गुरुवारी. ह्ये मी गॅरेजवाल्याला सांगितला तर तो हसला. म्हनला, गाडीला काय वार कळतात?"

मीरा हसली नाही. "रविवारी आणि बुधवारी काय करता तुम्ही?"

"काय नाय... गाडी धुतो."

"आणि पुढची काच? बदललेली दिसते."

"दोन दिवाळ्या झाल्या. दगड लागलेला."

मीरा उठली. तिने बादली भरून आणली, पुढच्या काचेच्या वरच्या कडेवर सावकाश ओतली. मग दुसरी. तिसरी. नंतर गाडी चालू केली, आत बसली आणि काशीरामला शेजारी बसवलं.

काहीच झालं नाही. बारा वाजले. एक वाजला. मीराने दुकानातून डबा आणला, अर्धी भाकरी त्याला दिली. दोन गिऱ्हाइकं आली, तिने त्यांना उद्या यायला सांगितलं. ऊन टपावर तापत होतं. काशीरामच्या मनात एकच धाकधूक होती, आज ही गाडी सुतासारखी सरळ वागली तर?

"पोरी, तुजा दिवस फुकट चाललाय."

"काका, बाबा सांगायचे, गाडीवाल्याला नुसतं तपासू नये, ऐकावंसुद्धा. तुम्ही म्हणालात होतं, म्हणजे होतं. वाट बघू."

तीनला दहा कमी असताना वायपर एकदम सपकन आडवे गेले. मग हॉर्न सुरू झाला.

"बघितलास? पोरी, तू बघितलास ना?" काशीराम आनंदाने ओरडला. ज्या आवाजाने त्याची अब्रू घालवली, तो आवाज त्याला सनईसारखा वाटत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही.

मीराने बॅटरीची वायर काढली, थोडं थांबून डॅशबोर्डच्या खालचं झाकण उघडलं आणि टॉर्च मारला. काचेच्या कोपऱ्यातून झिरपलेलं पाणी वायरींच्या जुडग्यावरून थेंब थेंब उतरत एका काळ्या पेटीवर पडत होतं. तिने पेटी सोडवून त्याच्या तळहातावर ठेवली. आतल्या बारीक पितळी दातांवर हिरवा गंज चढला होता.

"ही पेटी म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दिवे, हॉर्न, वायपर, चावीची ओळख, सगळे हुकूम हिच्यातून जातात. पाणी झिरपत हिच्यापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून धुतल्यावर दुसऱ्या दिवशी. आज तीन बादल्या ओतल्या, म्हणून लवकर झालं. गॅरेजमध्ये गाडी जाईपर्यंत ही सुकायची."

"म्हंजे मीच धुऊन..."

"गाडी धुणं गुन्हा आहे का? काच नीट बसवली नव्हती."

तिने तिथूनच शेठना फोन लावला. "साहेब, दोष सापडलाय. तुमचा ड्रायव्हर बोलला तो शब्द न् शब्द खरा आहे. मी डोळ्यांनी बघितलं. नवीन मॉड्यूल मागवते. ते बसवताना दोन्ही चाव्या लागतील. दुसरी तुमच्याकडे असेल, ती घेऊन तुम्ही स्वतः या."

चौथ्या दिवशी मॉड्यूल आलं. तोवर काच काढून नव्याने बसवून झाली होती. मीराने पाच बादल्या ओतून डॅशबोर्डखाली ठेवलेला कागद कोरडा राहतो हे काशीरामकडूनच तपासून घेतलं होतं. परेशशेठ आले आणि खिशात हात घालून उभे राहिले. मीराने नवी पेटी जोडली, बॅटरीला चार्जर लावला आणि लॅपटॉपवरून गाडीची माहिती भरायला घेतली. पहिली चावी गाडीने लगेच ओळखली. शेठची चावी ओळखेना. तिघंही डॅशबोर्डवरच्या लुकलुकणाऱ्या कुलपाच्या लाल खुणेकडे बघत राहिले. मीराने पुन्हा सुरुवात केली. लाल कुलूप दोनदा लुकलुकलं आणि विझलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

मग तिने जुनी पेटी शेठच्या हातात दिली. त्यांनी ते हिरवे दात बराच वेळ पाहिले.

"तो व्हिडिओ तुम्ही कुठल्या ग्रुपवर पाठवला होता का साहेब?"

शेठनी मोबाइल बाहेर काढला. "गोदामाच्या."

"मग ह्या पेटीचा फोटोही त्याच ग्रुपवर टाका."

शेठनी फोटो काढला. लिहायला त्यांची बोटं अडखळली, म्हणून फोन तोंडाजवळ धरून बोलले, "काशीराम खरं सांगत होते. गाडी खराब होती. मी त्यांच्यावर उगाच संशय घेतला." मग काशीरामकडे वळून म्हणाले, "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर जे केलं... करायला नको होतं."

"जाऊ द्या शेठ," काशीराम म्हणाला. खरं तर त्याला आणखी बरंच बोलायचं होतं, पण ते शेठशी नव्हे. तो मीरासमोर जाऊन उभा राहिला. कमळीने दिलेली घरच्या तांदळाची पिशवी त्याने तिच्या टेबलावर ठेवली.

"गाडी कोनीबी दुरुस्त केली असती एखाद वेळेस," तो शेवटी म्हणाला. "पन तू माज्यासंगती बसलीस, पोरी. दिवसभर बसलीस."

"तांदूळ नवा आहे का काका?" मीराने विचारलं.

"नवाच. पानी कमी घाल."

त्याच दुपारी गोदामातून माल भरून राजोडीला एका बंगल्यावर टाइल्स पोचवायच्या होत्या. शेठची मोटार मुलगा घेऊन गेला होता, त्यामुळे ते पिकअपमध्येच बसले. वाटेत त्यांनी दोन फोन घेतले. नाळे गावाच्या पुढे वाड्यांमधून रस्ता अरुंद होत गेला, दोन्ही बाजूंनी केळीची पानं खिडकीला लागू लागली. काशीरामने शेजारी पाहिलं. शेठना झोप लागली होती. मान कलली होती, तोंड किंचित उघडं, हातातला मोबाइल मांडीवर निसटलेला.

समोर गतिरोधक आला. काशीरामने गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली आणि आधी पुढची, मग मागची चाकं इतकी अलगद उतरवली की मागे पेट्यांचाही आवाज झाला नाही.