धाकटीच्या नावावर

"परवा सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटांनी," नेटवर्कवाल्याने कागदावर बोट टेकवलं. "ही यंत्राची नोंदवही. लॉग म्हणतात हिला. कोण कधी आत आलं, काय उघडलं, सगळं लिहून ठेवते. नाव तुमचंच आहे, मॅडम. आठवतंय काही?"

धाकटीने मान हलवली. हो म्हणाली की नाही, कुणालाच कळलं नाही. शेजारी उभ्या थोरलीने मात्र कागदावरची ती वेळ पुन्हा वाचली.

इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात अहवाल देण्याच्या खिडकीवर या दोघी. लांबच्याही बहिणी नव्हेत, पण चौदा वर्षं खुर्चीला खुर्ची लावून बसल्याने सगळे त्यांना थोरली-धाकटीच म्हणत. आज सकाळी विभागातल्या प्रत्येक पडद्यावर एकच मजकूर उमटला होता: तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, पैसे भरा आणि किल्ली घ्या. बाहेर रांग वाढत होती आणि अधीक्षकांच्या खोलीत झाडाझडती चालली होती.

"फायरवॉल बसवलीय, मुंगी शिरणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?" अधीक्षक कडाडले.

"साहेब, फायरवॉल म्हणजे फाटकावरचा पहारेकरी. अनोळख्याला अडवतो. पण कुणी आपल्याच माणसाची ओळख सांगत आलं, तर सलाम ठोकून आत सोडतो. 'तुमचा पासवर्ड आज संपतोय, खाली भरा, नाहीतर खातं बंद' असं पत्र आलं, आपल्या इस्पितळाच्या चिन्हासकट. याला फिशिंग म्हणतात. गळ टाकून बसायचं. मॅडमनी पासवर्ड भरला, आणि काल तोच वापरून कुणीतरी आत शिरलं."

"आणि बॅकअप?"

"जपून ठेवलेल्या प्रती गेल्या महिन्यापर्यंतच्या आहेत. त्यानंतरच्या तपासण्या गेल्या."

"म्हणजे एका बाईपायी सगळ्या विभागाचं वाटोळं! निलंबनाचा कागद करा तयार."

नऊ-बावीसला धाकटी कुठे होती, हे त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं. त्या वेळी ती घरी नवऱ्याला कुशीवर वळवून त्याची पाठ पुसत असे. त्याचं अर्धं अंग लुळं पडलेलं. सांभाळायला ठेवलेली बाई साडेदहाला आली की मग ही धावत सुटायची. आठ महिने असंच चाललं होतं. विभागात नोंदी नावानिशी मोजल्या जात, म्हणून थोरली रोज आधी धाकटीच्या नावाने संगणक उघडायची, चाळीसएक अहवाल चढवायची आणि मग स्वतःच्या कामाला लागायची. परवा ते पत्र आलं तेव्हा, खातं बंद पडलं तर हिचं उशिरा येणं उघडं पडेल, या धास्तीने तिने घाईघाईने पासवर्ड भरला. स्वतःच्या नावाने आलं असतं, तर आधी चार जणांना विचारलं असतं.

आता गप्प बसावं, तर धाकटीची नोकरी जाते. बोलावं, तर आठ महिने उघडे पडतात.

धाकटीने कुणाला दिसणार नाही असं थोरलीचं मनगट दाबलं. बोलू नका.

थोरलीला वाटलं, रोज सकाळी हात जोडून आपण एवढंच तर मागतो, की खोटं बोलायची वेळ आणू नकोस. वेळ तर आलीच.

"साहेब, ते मी केलं."

"तुम्ही? नाव तर यांचं आहे!"

"नाव हिचं. बोटं माझी." मग अडखळत का होईना, तिने सगळं सांगून टाकलं.

ऐकून नेटवर्कवाल्यालाच कसंतरी झालं. "ताई, पासवर्ड कुणाला देऊ नका, दुसऱ्याचा वापरू नका, म्हणून घसा कोरडा केला होता मी."

"मला वाटलं, घराची किल्ली असते तसंच. अडीनडीला शेजारणीकडे असलेली बरी."

"किल्ली नाही, सही समजा," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्याची सही करतं का कुणी?"

कागदावरचं नाव बदललं. निलंबन उद्यापासून थोरलीचं. धाकटीची नोकरी राहिली, पण आठ महिन्यांचे उशीर तिच्या रजेतून वळते होणार होते. यापुढे नऊच्या ठोक्याला हजर.

दोघी खिडकीवर परतल्या. संगणक झाकलेले, समोर कोरी वही. थोड्या वेळाने धाकटीचा फोन थरथरला. ती ऐकत राहिली, मग "बघते," एवढंच म्हणाली.

"काय गं?"

"बाईला लवकर जायचंय. ते एकटे राहतील."

"मग तू नीघ. आजचा दिवस मी आहे ना. बघते खिडकी."

"नको, ताई." धाकटीच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर थोरलीला बरं वाटलं असतं. "आता माझ्या नावावर मलाच बसायला हवं."

फोन पुन्हा थरथरला. तिने तो पालथा घातला आणि खिडकीतल्या म्हाताऱ्याकडे वळली.

"आजोबा, तुमचा अहवाल सापडत नाहीये. रक्त परत द्यावं लागेल."

"परत?" म्हाताऱ्याने विचारलं. मग त्याने तिथेच, खिडकीपाशीच बाही वर सरकवली. कोपराच्या खोबणीत परवाच्या सुईचा डाग अजून हिरवानिळा होता.