भिंगरीचा उतार

वहिनींचं आणि गणिताचं शाळेपासून वाकडं. दहावीला दोनदा बसल्या, दोन्ही वेळा गणितानंच पाय ओढला. पुढे लग्न झालं, घरी शिलाईचं काम सुरू झालं आणि तो विषय मागे पडला. पण यंदा, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांनी पुन्हा परीक्षेचा अर्ज भरला. शिकवायला नणंद घरातच होती.

नणंदेला सगळे भिंगरी म्हणत. ती बस चालवायची. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. वर्षापूर्वी गच्चीवरून पडली, कमरेखालचं बळ गेलं आणि चाकाच्या खुर्चीत आली. इस्पितळातून भावाकडे राहायला आली तेव्हा खुर्ची घरभर पळायची, पण दारातल्या ओट्याशी येऊन अडायची. दोनच पायऱ्या होत्या, पण त्यांनी तिचं जग संपवलं होतं. बाहेर जायचं तर दोघांनी उचलायचं. उचललेलं तिला मुळीच आवडायचं नाही.

"मी काय गव्हाचं पोतं आहे?" ती म्हणायची.

म्हणून एका रविवारी दादांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्यानं, ओट्याच्या पुढच्या कडेवरून फाटकाच्या दिशेनं एक जाड फळी टाकली. दादा इलेक्ट्रिशियन. लाकूडकामात त्यांना गती नव्हती, पण हौस दांडगी.

"बस, झालं की! ये भिंगरे!"

भिंगरी आली ती सुसाटच. खुर्ची फळीवरून सुटली, फाटकाशी तिरकी वळली आणि वाळत घातलेल्या चादरीत शिरली. आतून किंकाळी ऐकू आली. वहिनी धावल्या. चादर बाजूला करून बघतात तर भिंगरी पोट धरून हसत होती.

"उतरायला बेस्ट आहे, दादा. पण वर चढायला मला हत्ती लागेल!"

त्या दिवशी दुपारी वहिनी चढाचीच गणितं सोडवत होत्या. उभं अंतर भागिले आडवं अंतर. सूत्र पाठ होतं, पण डोक्यावरून जात होतं. अचानक त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"भिंगरी, इस्पितळातला तो उतार तू एकटी चढायचीस ना गं?"

"गाणं म्हणत चढायचे."

पुढच्या तपासणीला वहिनी पर्समधून शिवणाची टेप घेऊनच गेल्या. भिंगरी डॉक्टरांकडे आत, आणि वहिनी बाहेर त्या उताराशी गुडघ्यांवर. पहारेकरी जवळ आला.

"काय हरवलं का ताई?"

"हरवलेलं सापडतंय. हे टोक धरा जरा."

त्यानं बिचाऱ्यानं धरलं. उंची पन्नास सेंटिमीटर. आडवं अंतर सहा मीटर, म्हणजे सहाशे. वहिनींनी तिथंच बाकावर बसून हिशोब मांडला. घरचा ओटा तीस सेंटिमीटर उंच. मग सहाशेला पन्नास, तर क्ष ला तीस. क्ष बरोबर तीनशे साठ!

आजवर हा क्ष त्यांना छळायलाच जन्मला होता. आज पहिल्यांदा तो कुठे राहतो ते कळलं. ओट्यापासून साडेतीन मीटरच्या थोडा पुढे. वहिनींना इतका आनंद झाला की त्यांनी पहारेकऱ्याचा हात हातात घेऊन हलवला.

घरी येऊन त्यांनी अंगणात खडूनं रेघ मारली आणि तोंडाचा चंबू झाला. फाटकाकडे तर दोनच मीटर जागा होती. भिंतीच्या कडेनं उतार काढला तर मावत होता. मात्र तिथे दादांचा टोमॅटोचा वाफा होता, नुकता लालीला आलेला.

"अहो, जरा इकडे या."

दादांनी रेघ पाहिली, वाफा पाहिला आणि ते ओट्यावर बसले.

"दीड मीटरमध्ये नाही भागायचं?"

"तीसला दीडशे. पाचाला एक. इस्पितळात बाराला एक आहे. तुम्हीच खुर्चीत बसून चढून दाखवा."

दादा खरंच बसले. फळी दीड मीटरवर टेकवली, चाकं फिरवली, लालबुंद झाले आणि अर्ध्यातून मागे आले. मग आत जाऊन बादल्या घेऊन आले. संध्याकाळपर्यंत सगळी रोपं बादल्यांमध्ये होती.

गवंडी आला तेव्हा आणखी एक वाद झाला. दादा म्हणाले, "तीन पूर्णांक सहा मीटर लांब, एक मीटर रुंद, शून्य पूर्णांक तीन उंच. एक घनमीटरच्या वर काँक्रीट लागेल."

"अर्धंच लागेल," वहिनी म्हणाल्या.

"अगं, गुणाकार केलाय मी!"

वहिनींनी मोरीतला नवा साबण आणला आणि सुरीनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका कापला. दोन सारख्या पाचरी झाल्या. एक त्यांनी दादांच्या हातात ठेवली.

"हा आपला उतार. दुसरी पाचर तुम्ही कुठे ओतणार? माझ्या डोक्यावर?"

गवंडी इतका हसला की त्याची थापी खाली पडली. ऐंशी सेंटिमीटरची रुंदी पुरेल का, कडेला उंच पाळ हवी, असं तोही मग सुचवत राहिला. रुंदी मीटरभरच ठेवली, पाळ मात्र झाली. उतार भरल्यावर उरलं ते जेमतेम घमेलंभर काँक्रीट.

तो वाळेपर्यंत भिंगरीचा जीव खालीवर. रोज खिडकीतून विचारायची, "सुकला का?" अखेर गवंड्यानं हिरवा कंदील दाखवला.

ती ओट्याच्या कडेशी आली. कुणी हात लावायचा नाही, तिनं आधीच बजावलं होतं. खुर्ची सावकाश उतरली. खाली ती वळली आणि तशीच वर चढून आली. वर पोचली तेव्हा धापा टाकत होती, पण एकटी पोचली होती. दादांनी उगाचच चष्मा पुसला.

"आता परत," भिंगरी म्हणाली आणि पुन्हा उतरली. या वेळी थांबली नाही. फाटक उघडून रस्त्यावर गेली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

"अगं, कुठे चाललीस?" दादा ओरडले.

"जाऊ द्या हो," वहिनी म्हणाल्या. "वर्षभराचं फिरायचं राहिलंय."

तासाभरानं फाटकाशी गलका झाला. भिंगरी परत आली होती, आणि तिच्यामागे बस डेपोतली सात-आठ माणसं, एकमेकांना ढकलत, हसत. ती सगळ्यांच्या पुढे, दोन्ही हातांनी चाकं रेटत उतार चढत होती.

"वहिनी, चहा टाका!" ती खालूनच ओरडली. "आणि साखर माझ्या कपात दुप्पट!"

घरात कप सहाच होते. वहिनींनी पेले काढले, वाट्या काढल्या, दाढीचा मग सुद्धा घासून घेतला. बाहेर डेपोतला प्रत्येक जण पायऱ्या सोडून उतारावरूनच वर येत होता.