मास्तरांचा अंगठा आणि तीन अक्षरे

मित्रांनो, तुम्ही मला हातात घ्याल तेव्हा तुमची पहिली चूक ठरलेली आहे. तुम्ही मला शेवटाकडून उघडाल. लाजू नका, भलेभले तेच करतात. मी एक जुना अरबी शब्दकोश आहे आणि माझी सुरुवात उजव्या बाजूला असते. शब्द अरबी असले तरी त्यांचे अर्थ आपल्याच भाषेत दिलेले आहेत, त्यामुळे एकदा योग्य दाराने आत आलात की परके वाटणार नाही.

माझा जन्म छपाईच्या शिशाच्या खिळ्यांतून, म्हणजे सुट्या अक्षरांतून झाला. छापखान्यात खिळे जुळवणारे गृहस्थ चिमट्याने एकेक टिंब बसवायचे. एक टिंब इकडचे तिकडे झाले की शब्दाचा अर्थच पालटतो. म्हणून माझी मुद्रिते, म्हणजे कच्चे छाप, तपासायला दोघे जण बसत. एक मोठ्याने वाचे, दुसरा बोट ठेवून पडताळे, आणि दोघांचे दिवसातून तीनदा भांडण होई. त्या भांडणांतून माझी नऊशे बारा पाने शुद्ध होऊन बाहेर पडली. मी थोडा मिजासखोर आहे असे तुम्हाला वाटले, तर त्याचे कारण हे आहे.

माझ्यात शब्द घराण्यांनी राहतात. प्रत्येक घराण्याच्या मुळाशी बहुधा तीन अक्षरे असतात, त्यांना धातू म्हणायचे. नून, झा आणि रा ही तीन अक्षरे घ्या. अर्थ अगदी साधा, पाहणे. पण या तिघांच्या पुढे-मागे-मध्ये एखादे अक्षर घाला आणि गंमत बघा. नझर म्हणजे दृष्टी. डोळ्यांपुढे पसरलेला देखावा तो मंझर. इतरांच्या कामावर देखरेख करतो तो नाझिर. समोरासमोर उभा राहील असा तोलामोलाचा, तो नझीर. दोन बाजूंनी एकच गोष्ट पाहत घातलेला वाद म्हणजे मुनाझरा. आपण रोज म्हणतो तो ‘मंजूर’ शब्दसुद्धा याच घरचा, मुळात तो ‘पाहिलेले’ एवढाच होता. तीन अक्षरांचा एवढा संसार पाहून मी स्वतःच कितीदा तोंडात बोट घातले आहे. म्हणजे बोट असते तर घातले असते.

मी ज्यांच्या घरी आलो त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी सकाळी आपल्या पुढच्या खोलीत अरबी शिकवीत. वर्ग लहानसा होता. परदेशी रुग्णालयात नोकरीसाठी जाणाऱ्या एक नर्सबाई, आणि जहाजावरचा एक आचारी. मास्तरांचा नियम मोठा कडक होता. शब्दाचा अर्थ तोंडी सांगायचा नाही. “तोंडचं मला सांगू नका, पान दाखवा,” असे ते म्हणत, आणि हा नियम ते स्वतःही पाळत. कोणी शब्द विचारला की ते मला मांडीवर घेत, माझ्या कडेवरून अंगठा फिरवीत आणि एका झटक्यात नेमके पान उघडीत. मग ओळीवर बोट ठेवून घडाघडा वाचत. आचारी म्हणे, “मास्तर, तुमचा अंगठा म्हणजे जादू आहे.”

जादू नव्हती, मित्रांनो. इतक्या वर्षांच्या हाताळण्याने माझ्या कडेला खळगे पडले होते, कोपरे झिजले होते, काही पाने मऊ झाली होती. मास्तरांच्या अंगठ्याला ती प्रत्येक खूण पाठ होती. आणि आणखी एक गोष्ट होती, जी साऱ्या घरात फक्त मला ठाऊक होती. मास्तरांना वाचता येत नव्हते. गेली चार वर्षे त्यांना समोरचे अक्षर दिसतच नव्हते. कडेकडेचे दिसे, त्यामुळे ते घरात नीट चालत-फिरत आणि कोणाला शंका येत नसे. पान अंगठ्याने सापडे आणि ओळी त्यांना मुखोद्गत होत्या. ते वाचण्याचे नाटक करीत आणि मी गप्प राहत असे. मला फार वाईट वाटे, पण कोश विचारल्याशिवाय बोलत नाही.

मास्तरांचा मुलगा परगावी नोकरीला होता. घरात मास्तर आणि सूनबाई दोघेच. सूनबाई चष्म्याच्या दुकानात भिंगे घासण्याचे काम करी. हात इतका सफाईदार की दुकानाचे मालकही तिच्या कामात खोड काढत नसत. तिने पाहिले की माझी शिवण उसवली आहे, पाठ फाटली आहे. सासऱ्यांच्या वाढदिवसाला त्यांना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून तिने मला गुपचूप बांधणीवाल्याकडे नेले.

बांधणीवाला प्रामाणिक माणूस होता. त्याने मला नव्याने शिवले, नवा पुठ्ठा चढवला, आणि काम चोख व्हावे म्हणून माझ्या तिन्ही कडा यंत्राखाली घालून सपाट कापल्या. मी नवा कोरा दिसू लागलो. कोणीही म्हणाले असते, काय देखणा कोश आहे! पण कडेवरच्या त्या सगळ्या खुणा कातरणात गेल्या होत्या.

वाढदिवसाच्या रविवारी सूनबाईने मला मास्तरांच्या हातात दिले. त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला, मग कडेवरून. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सूनबाईला वाटले, आनंदाने गहिवरले. तेवढ्यात वर्ग जमला आणि नर्सबाईंनी विचारले, “मास्तर, रुग्णाला ‘वाट पाहा’ म्हणायचं तर इंतिझारवरून म्हणायचं ना? तो शब्द कुठल्या घरातला?”

मास्तरांनी अंगठा फिरवला. गुळगुळीत. पुन्हा फिरवला. मग अंदाजाने पान उघडले, ओळीवर बोट ठेवले आणि सुरुवात केली, “नून, झा, रा. पाहणे, न्याहाळणे...”

आचारी वाकून बघत होता. तो भाबडेपणाने म्हणाला, “पण मास्तर, इथं तर उतरणे, मुक्काम करणे असं लिहिलंय. झा-रा नाही, झाय-लाम आहे.”

मास्तरांचे बोट तिथेच थांबले. सूनबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले आणि तिला सगळे कळले.

“पुढच्या रविवारपासून येऊ नका,” मास्तर म्हणाले. “वर्ग बंद.”

दुसऱ्याच दिवशी सूनबाई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितले, दृष्टीचा मधला भाग गेला आहे, आता परत यायचा नाही, चष्म्याचा उपयोग नाही. घरी आल्यावर ती मास्तरांसमोर बसून रडली.

“सगळ्या गावाला मी चष्मे देते, बाबा. आणि माझ्याच घरात मला दिसलं नाही.”

“मी दिसू दिलं नाही, पोरी,” मास्तर म्हणाले. “दिसलं असतं तर लोक म्हणाले असते, मास्तर संपले. आता तो कोश कपाटात ठेवून दे.”

मला वाटले, आपले दिवस भरले. पण सूनबाईने डोळे पुसले, मला उचलले आणि टेबलावर आपटले. नवीन शिवण म्हणून टिकलो.

“कपाटात नाही ठेवणार. मला शिकवा.”

“तुला? या वयात?”

“कापलेली कड मी परत आणू शकत नाही. पण पान शोधायला शिकू शकते. सांगा, इंतिझार कुठं शोधायचा?”

मास्तरांनी माझ्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, “मटारची शेंग सोलतेस ना? तसा शब्द सोल. आत दाणे तीनच असतात.”

दर रविवारी चहा देता देता अक्षरे तिच्या ओळखीची झालीच होती. तिने सोलले. अर्धा तास माझी पाने उलटसुलट केली. आधी अर्थातच शेवटाकडून उघडले. मग म्हणाली, “नाहीच सापडत. अलिफ काढला, नून काढला, ता, झा, रा ठेवले.”

मास्तर खो खो हसले. त्या रविवारनंतर प्रथमच. “अगं, दाणा फेकलास आणि टरफल ठेवलंस! ता वरून आलाय. नून घरचा आहे.”

शेवटी तिला पान सापडले. ती एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागली, आणि मास्तर प्रत्येक शब्दाला मान डोलवू लागले. चष्मा म्हणजे नझ्झारा, हे वाचून ती खुर्चीत उडालीच. दुर्बीण म्हणजे मिंझार. मग इंतिझार.

“बाबा, वाट पाहणंसुद्धा पाहण्यातूनच आलं? आपल्यातही तसंच म्हणतात की! वाट पाहणं!”

“तेच तर,” मास्तर म्हणाले. “दोन भाषांना एकमेकींना न विचारता तीच गोष्ट सुचली. यासाठीच मी आयुष्यभर शिकवलं.”

माझ्या नऊशे बारा पानांत हे वाक्य नाही. असायला हवे होते.

आठ दिवस ती रोज दुकानातून आली की मला उघडून बसे. मग तिने नर्सबाईंना आणि आचाऱ्याला निरोप धाडला. रविवारी दोघे संकोचत आत आले. मास्तर ताठ बसले होते.

“मला वाचता येत नाही,” ते म्हणाले. “चार वर्षं झाली. तुमच्यापासून लपवलं, ती माझी चूक. शिकवणार मीच, पण पान आता ही उघडेल. चालेल?”

“पळेल!” आचारी म्हणाला. नर्सबाईंनी आपली खुर्ची सूनबाईच्या जवळ ओढली.

तर मित्रांनो, मला जरूर वापरा. हात धुऊन वापरा, पाने दुमडू नका, आणि दुरुस्तीला नेण्याआधी जो मला रोज हाताळतो त्याला विचारा. एवढे केलेत तरी मी तुमचा ऋणी राहीन. पण आणखी एक मागणे आहे. माझी शिवण उसवली ती सगळ्यांना दिसली, मास्तरांचे डोळे गेले ते मात्र चार वर्षे कोणाला दिसले नाही. म्हणून मला उघडायच्या आधी तुमच्या घरातल्या माणसांकडे एकदा नीट बघून या. मी थांबतो.