सरकता ठिपका

मित्रांनो, एका बाजूचं रबर निघालेली, पट्टा विटलेली दुर्बीण म्हणजे मी. हल्ली माझा मुक्काम कपाटात, लोकरी कपड्यांच्या खाली असतो. काचांना आतून बुरशी धरली आहे. पण माझेही दिवस होते.

कारखान्यात एका बाईने माझ्या दोन नळ्या जुळवल्या. दोन्हींतली चित्रं एकमेकांवर नेमकी बसेपर्यंत तिने मला हातावेगळं केलं नाही. पुढे एका बसचालकाने मला आपल्या मुलीसाठी घेतलं. तिला आकाशातून जाणारे उपग्रह बघायचं वेड होतं. सूर्य मावळला, की बापलेक गच्चीवर हजर. खाली अंधारलेलं असतं, पण तिथे उंचावर अजून ऊन असतं. त्या उन्हात उपग्रह चमकतो. विमानासारखा तो लुकलुकत नाही. मुकाट सरकत जातो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला, की विझतो. आधी त्याला नुसत्या डोळ्यांनी हेरायचं, मग मला लावून त्याचा माग काढायचा.

"दिवसभर आरशात बघून बस हाकतो मी," बाबा ऐट मारायचे. "माझ्या नजरेतून काय सुटतंय!"

खरंच सुटत नसे. अंतराळस्थानक जाणार असलं, की आईही ओल्या हातांनी वर धावायची आणि माझं तोंडभरून कौतुक व्हायचं.

मग सुटू लागलं. जागच्या जागी असलेली चांदणी बाबांना दिसे, सरकता ठिपका मात्र मधेच हरवे. "हिच्याच काचा बिघडल्यात," म्हणत त्यांनी मला दुरुस्तीला नेलं. दुकानदाराने मला उलटसुलट तपासलं.

"हिला काही झालेलं नाही, साहेब. डोळे दाखवून घ्या."

बाबा नुसते हसले आणि त्यांनी मला पिशवीत टाकलं.

एका संध्याकाळी मुलगी एकदम म्हणाली, "बाबा, तो बघा! पाण्याच्या टाकीच्या वर!"

बाबांनी मला डोळ्यांना लावलं. "हो गं! काय झळकतोय!"

माझ्या काचांत रिकामं आभाळ होतं.

"तिथे काहीच नाहीये, बाबा," ती हळूच म्हणाली.

बाबांनी मला डोळ्यांवरून खाली घेतलं. "समोरचं दिसतं गं. कडेचं जरा जातं. कुणाला बोलू नकोस. बस काढून घेतील माझ्याकडून."

"आणि रस्त्यावरची माणसं?"

"आजवर साधा ओरखडा उठलाय का माझ्या बसला?"

ती कुणालाच, अगदी आईलाही, काही बोलली नाही.

त्याच हिवाळ्यात, थांब्याकडे बस वळवताना डावीकडून आलेली सायकल बाबांना दिसली नाही. सायकलवर एक बाई होती, कपडे शिवून पोट भरणारी. तिचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. चौकशीत बाबांनी काही लपवलं नाही. नोकरी गेली, परवाना गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. आधी आले असते, तर पुष्कळशी वाचली असती.

बाबा माफी मागायला त्या बाईच्या घरी गेले. मुलीने हात धरून नेलं. परतल्यावर ती आईला सगळं सांगत होती, तेव्हा मी तिथेच खुंटीला होते.

बाईने विचारलं होतं, "दिसत नाही, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"होतं."

"आणि हिला?"

मुलीने मान खाली घातली. बाई कुबड्या सावरत उठली आणि तिने दार लावून घेतलं.

त्याच संध्याकाळी मी कपाटात गेले.

मित्रांनो, माझ्यातली बुरशी कुणीही काढून देईल. तिचं मला फार वाटत नाही. पण तुमच्या घरात कुणी चौकटीला धडकत असेल, शेजारी ठेवलेला पेला लवंडत असेल, तर पांघरूण घालू नका. ते चिडतील, अबोला धरतील, धरू देत. हाताला धरून डॉक्टरांकडे न्या. आणि तोवर गाडीची किल्ली त्यांच्या हाती देऊ नका.